लॅम्ब्रेटाचं मॅग्नेटो हाउसिंग : एका तुकड्याचं प्रकरण

काकांची लॅम्ब्रेटा पन्हाळ्याच्या चढावर पहिल्यांदा जाम झाली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी काकांच्या वजनाला दोष दिला. दुसऱ्यांदा जाम झाली ती सपाटीवर, रंकाळ्याच्या कडेला. मग मावशीने मला फोन केला. "तू त्या मशीनच्या नोकरीत आहेस ना? बघ जरा. हे रोज हात काळे करून घरात येतात आणि दाराच्या कड्यांना लावतात."

मी ड्रॉईंग करतो. मशीन माझ्याकडे नाही, स्कूटरही माझी नाही. पण या एका ॲल्युमिनियमच्या तुकड्यापायी माझे चार महिने गेले. त्यातले पहिले दोन महिने मी स्वतःच्या चुकीने घालवले, म्हणून हे सगळं लिहून ठेवतो आहे.

गाडी आहे लॅम्ब्रेटा एलआय १५०, १९६६ची. इटलीतल्या इनोसेंटी कंपनीच्या परवान्यावर मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने बनवलेली. इंजिन टू-स्ट्रोक, १४८ सीसी, बोअर ५७ मिमी, स्ट्रोक ५८ मिमी. सिलिंडर आडवा. डाव्या बाजूला चेन, उजव्या बाजूला प्लगच्या ठिणगीसाठी वीज बनवणारा मॅग्नेटो आणि त्याच्या फिरत्या चाकाला, म्हणजे फ्लायव्हीललाच, जोडलेला पंखा. क्रँकचं, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचं, उजवं टोक ज्या बेअरिंगमध्ये फिरतं, ते बेअरिंग बसतं एका थाळीसारख्या ॲल्युमिनियमच्या कव्हरात. ते कव्हर इंजिनच्या केसमध्ये गळ्यापर्यंत शिरतं आणि भोवतीच्या स्टडवर नटांनी आवळलं जातं. त्याच्याच बाहेरच्या अंगाला स्टेटर प्लेट, म्हणजे मॅग्नेटोची न फिरणारी थाळी, बसते. हेच मॅग्नेटो हाउसिंग. दिसायला चहाच्या बशीएवढं, पण तीन कामं एकदम करतं: क्रँकचा एक पाय धरतं, क्रँककेसची हवा बंद ठेवतं आणि इग्निशनचं टायमिंग जागेवर राखतं.

आजार असा होता. थंड असताना गाडी एका किकमध्ये चालू. सात-आठ किलोमीटर गेलं की इंजिनची रेस आपोआप चढायची, ॲक्सिलरेटर सोडला तरी उतरायची नाही. प्लग काढला तर टोक पांढरंफटक. पॉइंटचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांमधला, गॅप आज लावला की चार दिवसांनी वेगळा. काकांच्या नेहमीच्या मिस्त्रीने कार्ब्युरेटर तीनदा साफ केला, मेन जेट एक नंबर मोठा टाकला, ऑईल सील दोनदा बदलले. सील बदलले की पंधरा दिवस बरं वाटायचं.

ही सगळी लक्षणं एका जागेकडे बोट दाखवत होती, पण आम्ही ती वेगवेगळी वाचत होतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये ओढली जाते. तिथे कुठूनही बाहेरची हवा शिरली की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोलबरोबरच ऑईल येतं, म्हणजे ऑईलही कमी. रेस चढते, पिस्टन तापतो, आणि एक दिवस सिलिंडरला धरून बसतो. पॉइंटचा गॅप बदलत होता कारण कॅम फ्लायव्हीलच्या बॉसवर असतो. फ्लायव्हील डुगडुगलं की गॅपही डुगडुगतो.

हाउसिंग उतरवून मी उन्हात तापलेल्या पंख्याच्या पत्र्यावर ठेवलं, चहा घेतला, उचललं तर बेअरिंग माझ्या तळहातावर पडलं. ठोकायला नको, ओढायला नको. आपल्या वजनाने पडलं.

बेअरिंगची जागा आरशासारखी चकाकत होती. बेअरिंगची बाहेरची कडी (तिलाही रेसच म्हणतात) तिथे फिरत होती, किती वर्षं कोण जाणे. त्या चकाकीत बारीक ठिपक्यांच्या तीन रांगा होत्या. सेंटर पंचने मारलेले, मोजले तर एकेचाळीस. बेअरिंग सैल झालं की जागेला पंचाचे ठोके मारून धातू वर उचलायचा आणि बेअरिंग दाबून बसवायचं, ही आपल्याकडची जुनी तोड. महिनाभर धरते. त्याच्यावर कुणीतरी पत्र्याची शिम घातली होती, तिचा एक तुकडा सीलच्या मागे दुमडून अडकला होता. आणि बाहेरच्या कानाजवळ स्क्रू-ड्रायव्हरने उचकटल्याची भेग, नखात अडकेल एवढी.

जागा मोठी करून आत धातूची नळी, म्हणजे स्लीव्ह, घालून चाललं असतं का? चाललं असतं, भेग नसती तर. भेग बेअरिंगच्या भिंतीकडे निघाली होती, आणि तिथे आणखी धातू काढायला माझं मन धजावलं नाही. बाजारात तयार हाउसिंग मिळतात. आम्ही एक मागवलंही. कास्टिंगला सुईच्या टोकाएवढी छिद्रं होती आणि मँड्रेलवर, म्हणजे मापाच्या दांड्यावर, घेऊन सुईचा डायल लावला तर बोअर (बेअरिंगचं भोक) आणि गळा यांच्या अक्षात १२० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक. ते परत गेलं. पैसे आले नाहीत.

पहिला प्रयत्न

आता माझी चूक. जुनं हाउसिंग पिशवीत घातलं, एका जॉबवर्कवाल्याकडे नेलं आणि म्हणालो, "असंच एक करून द्या." त्याच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी लेथ होतं, व्हीएमसी मिलिंग मशीन होतं, ऑफिसला काच होती. त्याने नमुना ठेवून घेतला. दहा दिवसांनी एक सुंदर, चकचकीत, कडा मोडलेला तुकडा माझ्या हातात दिला.

नवं बेअरिंग त्यात अंगठ्याने सरकलं.

त्याने माझ्या नमुन्याचा बोअर मोजला, तो आला ५२.०४, आणि त्याने ५२.०४ केला. झिजलेली जागा त्याने इमानदारीने उतरवली. गळ्याचा व्यास त्याने जुन्या गळ्याच्या कडेला घेतला, जिथे गंज आणि ठोक्यांनी धातू वर आला होता, त्यामुळे नवा गळा केसमध्ये जाईना. स्टडची भोकं जुन्या भागात ठोकाठोकीने लांबट झाली होती, तीही तशीच लांबट. कळस म्हणजे, जुन्या हाउसिंगला खालच्या बाजूला कुणा मिस्त्रीने कधीतरी, कशासाठी कोण जाणे, एक तीन मिमीचं भोक पाडून नंतर एम-सीलने बुजवलं होतं. ते भोकही नव्या तुकड्यात होतं. एम-सील तेवढं नव्हतं.

मी रागावलो, तो म्हणाला, "साहेब, तुम्ही असंच म्हणालात." खरं होतं. वर आणखी एक गोष्ट होती, ती मात्र त्याची. गळा एका बाजूने बांधून काढला, तुकडा उलटवून बोअर दुसऱ्या बाजूने काढला. दोन बांधण्यांत अक्ष १५० मायक्रॉनने सरकला. बोअर बरोबर असता तरी क्रँक वाकडीच बसली असती. १,८०० रुपये गेले.

त्या रात्री जेवताना काका म्हणाले, "अरे, आमच्या शिंप्याला जुना शर्ट दिला की तो ढेरीसकट माप घेतो." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला असं नाही, पण घास तिथेच थांबला.

माप कुठून घ्यायचं

दुसऱ्या खेपेला मी जुनं हाउसिंग बाजूला ठेवलं आणि ते ज्यांच्याशी जोडलं जातं त्या वस्तू मोजल्या. इंजिनची केस पूर्ण उघडी करून पोत्यात गुंडाळून घरी आणली. मावशीने अंगणाच्या पलीकडे यायला परवानगी दिली नाही, म्हणून मोजमाप पायरीवर झालं.

केसमधली जागा, जिथे हाउसिंगचा गळा शिरतो, ती बोअर गेजने तीन खोलींवर आणि चार दिशांनी घेतली. तोंडाशी उचकटल्याचे व्रण होते, तिथली मापं टाकून दिली. आत पाच मिमीवर जागा गोल आणि शाबूत होती. तिच्यापेक्षा २० ते ३० मायक्रॉन लहान गळा, असं ठरवलं. केसही ॲल्युमिनियमची, हाउसिंगही ॲल्युमिनियमचं, दोघं तापून सारखीच फुगणार, तेव्हा तिथे जास्त हिशेब नको.

स्टडच्या जागा जुन्या भोकांवरून काढायच्या नव्हत्या. केसच्या तोंडावर पातळ कागद धरला, तेलाचा अंगठा फिरवला, ठसा उमटला. तो फक्त नकाशा. खरी मापं व्हर्नियरने स्टडच्या बाहेरून बाहेर घेतली आणि स्टडचा व्यास वजा केला. नव्या भोकांना अर्धा मिमी मोकळीक ठेवली, कारण हाउसिंगची जागा गळा ठरवतो. स्टडचं काम आवळण्याचं. हे उलटं झालं, भोकं घट्ट आणि गळा सैल राहिला, की तुकडा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसतो.

आणि जुनं हाउसिंग? सगळंच खोटं नव्हतं. स्टेटर प्लेट जिथे टेकते तो खड्डा, त्याची खोली, सीलसाठीचा खांदा, या जागांना कधी घासच लागला नव्हता. तिथे मूळ कारखान्याच्या टूलच्या रेघा अजून दिसत होत्या. ती मापं मी डोळे झाकून जुन्यावरून घेतली. कोणत्या जागेवर विश्वास ठेवायचा आणि कोणत्या नाही, हे भिंगाखाली कळतं: टूलच्या रेघा असतील तर ती जागा तिच्या जन्मापासून तशीच आहे.

बेअरिंगचा हिशेब

इथे थोडं थांबतो, कारण सगळं प्रकरण या एका बोअरमध्ये आहे.

बेअरिंग एनयू २०५. आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिमी. रोलर बेअरिंग, आतल्या रेसला कडा नाहीत, त्यामुळे क्रँक अक्षाच्या दिशेने किंचित सरकू शकते. तिला पकडून ठेवायचं काम चेनच्या बाजूचं बेअरिंग करतं. दोन्ही अंगांना ऑईल सील, मध्ये ग्रीस.

हाउसिंग ॲल्युमिनियमचं, बेअरिंग स्टीलचं. ॲल्युमिनियम दर अंशाला दर मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, बेअरिंगचं स्टील साधारण १२. गाडी चालून हाउसिंग ६० अंशांनी तापलं तर ५२ मिमीचा बोअर ७२ मायक्रॉन मोठा होतो आणि बेअरिंग ३७ मायक्रॉन. म्हणजे थंडपणी जेवढी पकड होती, त्यातली सुमारे ३५ मायक्रॉन तापल्यावर गायब. कागदावर 'साईज टू साईज', म्हणजे बेअरिंगच्याच मापाचा, बोअर काढला तर गाडी गॅरेजमध्ये छान आणि पन्हाळ्याच्या चढावर बेअरिंग मोकळं. आमची गाडी सात-आठ किलोमीटरनंतरच का बिघडायची, त्याचं उत्तर हे.

आमच्या हातातलं बेअरिंग मायक्रोमीटरला ५१.९९४ आलं. मला थंडपणी ४० मायक्रॉनच्या आसपास पकड हवी होती. म्हणून ड्रॉईंगवर लिहिलं: ५१.९५० ते ५१.९६०. पी७ या घट्ट बसवण्याच्या प्रमाणित फिटच्या पट्ट्यात, पण घट्ट टोकाकडे. एवढी पकड दिली की बाहेरची रेस दाबली जाऊन आतली मोकळीक कमी होते, म्हणून बेअरिंग सी३, म्हणजे आत जास्त मोकळीक असलेलं, घेतलं. साधं घेतलं असतं तर तेच गरम होऊन बोंबललं असतं.

बाकी मापांवर मी मुद्दाम हात ढिला सोडला. बाहेरचा व्यास, कानांची जाडी, कडांचा चॅम्फर, सगळीकडे साधी सर्वसाधारण टॉलरन्स (मापात चालणारा फरक), तीस ते एकशेवीस मिमीच्या मापाला ±०.३. ज्या ड्रॉईंगवर प्रत्येक रेघेला दोन मायक्रॉन लिहिलेले असतात, ते बघून जॉबवर्कवाला एकतर तिप्पट भाव सांगतो किंवा सगळेच आकडे दुर्लक्षून आपल्या मनाने करतो.

धातू

काकांचा भाचा परदेशात असतो, त्याने मेसेज पाठवला: ७०७५ घ्या, विमानात वापरतात. काका दोन दिवस त्या शब्दावर खुश होते. पण ताकदीचा इथे प्रश्नच नव्हता. मूळ भाग तर कास्टिंगचा. ७०७५ महाग, गंजायला ६०८२ पेक्षा लवकर, आणि फुगणं सारखंच. आम्ही घेतलं ६०८२-टी६ (टी६ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेलं), ज्याला बाजारात अजून जुन्या नावाने एचई-३० म्हणतात. १६० मिमी व्यासाचा राउंड, म्हणजे गोल दांडा, ६० मिमी कापून. वजन सव्वातीन किलो. टेस्ट सर्टिफिकेट असलेल्या दुकानातून घेतलं. भंगाराच्या ढिगातला राउंड निम्म्या भावात मिळत होता, पण ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमसारखंच दिसतं. लोखंडाची ठिणगी बघून जात ओळखता येते, याची ठिणगीच पडत नाही.

कास्टिंग का नाही केलं, असं मला दोघांनी विचारलं. कोल्हापुरात राहून फौंड्री सोडून राउंड कुरतडायचा? प्रश्न बरोबर आहे. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात फौंड्र्यांना तोटा नाही. पण कास्टिंगला आधी पॅटर्न, म्हणजे साचा घ्यायचा नमुना, लागतो, त्यात आकसण्यासाठी मीटरमागे सुमारे १३ मिमी वाढीव, शिवाय मशीनिंगसाठी वेगळी जाडी, मग दोन-तीन तुकडे ओतून एक चांगला निघेपर्यंतचा खेळ. पन्नास हाउसिंग करायची असती तर तेच केलं असतं. एकासाठी अडीच किलोवर धातू चिप म्हणून केरात घालवणं स्वस्त पडलं.

तात्यांचं शेड

शिवाजी उद्यमनगरातलं तात्यांचं शेड म्हणजे एक जुनं लेथ, एक त्याहून जुनं मिलिंग, आणि कोपऱ्यात हप्त्यावर घेतलेलं सीएनसी टर्निंग, ज्याला हार घातलेला असतो. ऑफिस नाही. ड्रॉईंग त्यांनी उजेडाकडे धरून पाच मिनिटं वाचलं, मग पहिला प्रश्न विचारला.

"बोअर आन गळा एकाच बांधनीत पायजे न्हवं?"

मी म्हणालो, तेच तर लिहिलंय. "लिवलंय सगळ्यांनीच आसतं," तात्या म्हणाले, आणि चिपच्या ढिगावर पाय ठेवून पुढचं वाचू लागले.

कामाचा क्रम त्यांनीच ठरवला. आधी सगळीकडून एक मिमी शिल्लक ठेवून खरडकाम. मग तुकडा मोकळा करून रात्रभर तसाच. पोटातला धातू निघून गेला की राउंड थोडा वळवळतो, त्याला जे वळायचं ते वळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी बाहेरचा तोंडाकडचा भाग आणि स्टेटरचा खड्डा. शेवटी तुकडा उलटवून, त्या तोंडाला टेकवून, केसच्या बाजूचा गळा आणि आरपार बोअर एका बांधणीत. तीन जबड्यांच्या चकमध्ये ही पातळ भिंत आवळली असती तर बोअर आवळलेला असताना गोल दिसला असता आणि सोडल्यावर तिकोनी झाला असता. म्हणून तात्यांनी तुकड्याच्या मापाचे सॉफ्ट जॉ, म्हणजे मऊ धातूचे जबडे, कातून घेतले. एका तुकड्यासाठी! त्याचे त्यांनी वेगळे पैसे लावले आणि मी कुरकुरलो नाही.

एप्रिलचा महिना, पत्र्याचं शेड. शेवटचा कट झाला, तात्यांनी बोअर गेज घातला. ५१.९६८.

माझं तोंड उतरलं. वरची मर्यादा ५१.९६०. बोअर मोठा झाला की झाला, परत लहान करता येत नाही. मी हिशेब करू लागलो: १४ मायक्रॉन पकड कमी... तात्यांनी गेज पुसून डब्यात ठेवला, तुकडा चकमधून काढला आणि सिमेंटच्या ओट्यावर पालथा घातला.

"च्या घिऊन या."

"तात्या, आठ मायक्रॉन वर गेलंय."

"गरम हाय त्ये. आत्ता मापून काय उपेग? तुमाला ताप आला तर तुमी कापडं मापाय जाता का?"

गेज सेट करायची रिंगही त्यांनी तुकड्याशेजारी ओट्यावर ठेवली, दोघं एकाच तापमानाला यावेत म्हणून. दोन तासांनी मोजलं तर ५१.९५४. म्हणजे मशीनवर तो तुकडा रिंगपेक्षा बारा-एक अंश गरम होता, आणि ५२ मिमीवर बारा अंश म्हणजे १४ मायक्रॉन. माझा सगळा पट्टाच १० मायक्रॉनचा. हा हिशेब मी बेअरिंगसाठी पानभर मांडला होता आणि मोजताना विसरलो. तात्यांनी मांडला नव्हता, पण ते विसरले नव्हते.

मँड्रेलवर घेऊन डायल फिरवला. गळ्याचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारं डोलणं, ८ मायक्रॉन. तात्यांनी सुईकडे बघितलं, काही बोलले नाहीत, पण मुलाला हाक मारून दाखवलं.

जे ड्रॉईंगमध्ये राहिलं

सगळं मनासारखं झालं असं नाही. घरी आणून स्टेटर प्लेट ठेवली तर ती डुलत होती. खड्ड्याच्या तळाशी, जिथे भिंत आणि तळ मिळतात, मी काटकोन काढला होता. टूलच्या टोकाला ०.८ मिमीची गोलाई असते, त्यामुळे कोपऱ्यात तेवढी गोलाई राहिली आणि प्लेटची कड तिच्यावर चढून बसली. मूळ हाउसिंगमध्ये त्या कोपऱ्यात एक बारीक खाच होती. मी ती बघितली होती, झीज समजून सोडून दिली होती! कारखान्याने ती मुद्दाम दिलेली होती. परत उद्यमनगर. तात्यांनी जुन्या लेथवर चार मिनिटांत खाच मारली आणि चार मिनिटांचे पैसे घेतले नाहीत.

ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेने ऑक्साईडचा थर चढवणं, करावं हा काकांचा आग्रह होता. काळं छान दिसतं म्हणे. पण तो थर बोअरमध्येही चढतो. जेवढा जाड, त्याच्या साधारण निम्मा धातूच्या वर येतो. वीस मायक्रॉनच्या थराने बोअर वीस मायक्रॉनने लहान झाला असता आणि माझा सगळा पट्टा संपला असता. बोअर झाकून करता येतं, पण एका तुकड्यासाठी कोण झाकत बसणार? ग्लास बीड ब्लास्टिंगलाही मी नाही म्हणालो. कानाकोपऱ्यात अडकलेला काचेचा एक कण क्रँकच्या बेअरिंगमध्ये गेला की झालं. तुकडा टूलच्या रेघांसकट तसाच ठेवला. फ्लायव्हीलमागे तो दिसतोही कुणाला?

काकांची दुसरी काळजी वेगळी होती. नवा भाग घातला तर गाडी 'विंटेज' राहील का? २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हीए' मालिका आली, त्यात गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठे बदल नसावेत असं आहे. मी त्यांना समजावलं की त्याच मापाचं, त्याच जागी बसणारं कव्हर म्हणजे बदल नव्हे, दुरुस्ती. ते ऐकून घेतात, पण जुनं हाउसिंग त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलंय, कुणी मागितलंच तर दाखवायला.

बसवणं

बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मटारच्या शेजारी. हाउसिंग मावशीच्या केकच्या ओव्हनमध्ये ११० अंशांवर अर्धा तास. गॅसची ज्योत लावायची नाही, टी६ची ताकद दोनशे अंशांच्या वर उतरू लागते आणि ज्योतीखाली किती अंश झाले हे कुणाला कळत नाही. कापडाने धरून हाउसिंग बाहेर काढलं, बेअरिंग सरळ धरून सोडलं. टक्! तळाच्या खांद्यावर जाऊन बसलं. दहा सेकंदांनी हलवून बघितलं, हललं नाही. सील नंतर, हाउसिंग गार झाल्यावर, कारण सीलचं रबर ओव्हनमध्ये घालायची वस्तू नव्हे.

मग गळतीची परीक्षा. इंजिन जोडून सिलिंडरची एक्झॉस्ट आणि इनटेक दोन्ही तोंडं रबर आणि पत्र्याने बंद केली, प्लगच्या भोकातून नळी घातली. दाब द्यायला खास पंप मिळतात, पण घरात मावशीचं बी.पी.चं मशीन होतं, जुन्या पद्धतीचं, रबरी फुगा आणि घड्याळाचा काटा असलेलं. त्याचे ३०० म्हणजे साधारण ०.४ बार, टू-स्ट्रोकच्या क्रँककेसला तपासायला नेमका हवा तेवढाच दाब. फुगा दाबला, काटा ३०० वर नेला, सगळीकडे साबणाचं पाणी लावलं. मॅग्नेटोच्या बाजूला एकही बुडबुडा नाही. काटा मात्र हळूहळू उतरत होता. बुडबुडे चेनच्या बाजूच्या सीलला होते, ज्याच्याकडे इतके महिने कुणी बघितलंच नव्हतं. तोही बदलला. मग सहा मिनिटं काटा जागेवर राहिला.

गाडी आता अकराशे किलोमीटर चालली आहे. पन्हाळ्याला दोनदा जाऊन आली, एकदा मागे मावशी बसून. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं. मेन जेट परत जुन्या नंबरवर आणला. हजार किलोमीटरला मी हट्टाने फ्लायव्हील उतरवून बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर आणि हाउसिंगवर आधीच मारलेली आडवी रेघ बघितली. दोन्ही तुकड्यांवरची रेघ अजून एका ओळीत आहे, म्हणजे रेस फिरलेली नाही.

खर्च असा: वाया गेलेला पहिला तुकडा १,८००. बाजारातलं परत केलेलं हाउसिंग २,२००. एचई-३०चा राउंड १,२००. तात्यांचं काम, सॉफ्ट जॉसकट, ४,६००. बेअरिंग आणि सगळे सील १,१५०. एकूण १०,९५०. यातले ४,००० मी नमुना हातात घेऊन दुकानात गेलो आणि तयार माल न मोजता घेतला म्हणून गेले, ते मी काकांकडून घेतले नाहीत.

आणखी एक आकडा नंतर आला. बी.पी.च्या मशीनच्या नळीत साबणाचं पाणी आणि थोडं पेट्रोलचं ऑईल गेलं असावं. पुढच्या आठवड्यात मावशीचं बी.पी. १८० दाखवायला लागलं. डॉक्टरांकडे धावत गेलो, तिथे १३०. नवं मशीन १,४००. ते काकांनी भरले, आणि जुनं आता स्कूटरच्या डिकीत असतं.